हातांपुरती खिडकी

सोनावणे काका माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत; हातांवरून ओळखत. ही अतिशयोक्ती नाही. मी ती पडताळून पाहिलेली आहे. बदलापूरच्या बाजारात, दोन्ही हातांत पिशव्या असल्यामुळे, मी त्यांना दोनदा नुसत्या मानेने नमस्कार केला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे वाटेतल्या खांबाकडे पाहावं तसं पाहिलं आणि बाजूने निघून गेले. वास्तविक आम्ही तिथल्याच शिरगावात एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर राहत होतो. तिसऱ्या वेळी मी काही न बोलता त्यांच्या हातातली भाजीची पिशवी धरली. त्यांची नजर माझ्या डाव्या अंगठ्यावर गेली. तिथे प्रयोगशाळेतल्या ॲसिडने भाजल्याचा पांढरट डाग आहे. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, तू होय? मग आधी सांगायचं नाही का?"

"दोनदा नमस्कार केला, काका."

"नमस्कार काय, कोणीही करतं."

इमारतीतल्या प्रत्येकाची त्यांच्या मनात अशी नोंद होती. मी 'भाजका अंगठा'. तळमजल्यावरचे परसूभाई, ज्यांचा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचा लहानसा कारखाना होता, ते 'चिमटीवाला', कारण आयुष्यभर सुया हाताळल्यामुळे ते चहाचा कपसुद्धा दोन बोटांच्या चिमटीत धरत. शाळेत चित्रकला शिकवणारे ठोंबरे सर 'खडूचा हात'. आणि सोसायटीचे चेअरमन प्रधान यांना काका 'नुसता हात' म्हणत. "त्यांच्या हाताला काहीच नाही. ना घट्टा, ना डाग. शाईसुद्धा नाही." प्रधान एका सरकारी कचेरीत वरिष्ठ जागेवर होते, त्यामुळे हे वर्णन शास्त्रीयदृष्ट्या अचूक मानायला हरकत नव्हती.

ही हकिकत नव्वद सालच्या आसपासची. काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. कारखान्यात काय करत होता, असं विचारलं की ते म्हणत, "टूलरूमला होतो." एवढंच. ज्यांना टूलरूम म्हणजे काय हे ठाऊक होतं, ते यावर आदराने गप्प होत. कारखान्यातले सगळ्यात कुशल कारागीर तिथे असतात, यंत्रांसाठी लागणारे साचे आणि अवजारं तिथे घडतात. ज्यांना ठाऊक नव्हतं, ते ठाऊक असणाऱ्यांकडे पाहून गप्प होत. काकूंना विचारावं, तर त्या म्हणत, "मला काय माहीत? घरात चमचा मागितला तरी कुठला, किती नंबरचा, विचारतात. तिथे काय करत असतील, देव जाणे."

निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, शेअर घेतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. काकांनी सामाईक कार्यशाळा काढायचं ठरवलं. त्यामागचा विचार त्यांनी मला आमच्या दारात उभं राहून सांगितला. "प्रत्येक घरात एक पक्कड असते. ती पक्कड घेऊन माणूस सगळं करतो. नट फिरवतो, तार तोडतो, खिळापण ठोकतो. पक्कडीने खिळा. पाप आहे ते. त्याच्या डोक्यात काहीतरी करायचं असतं गं, पण हातात टूल नसतं. टूल माझं, जागा सोसायटीची, काम ज्याचं त्याचं. अर्ज तू लिही."

"मीच का?"

"तुझा हात भाजलाय. म्हणजे काहीतरी करायला गेली असशील."

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि विवेकनिष्ठ कल्पना कोणी मांडली की तिच्या प्रेमात पडण्याचं माझं वय होतं. शिवाय माझाही एक स्वार्थ होता. मी घरच्या गच्चीसाठी एक दुर्बीण बांधत होते. आरसा घासून तयार होता. तो बसवायच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला अचूक अंतरावर तीन भोकं पाडायची तेवढी राहिली होती. तीन भोकं, एक रविवार. असा माझा हिशोब होता. मी अर्ज लिहिला. त्यात 'साधनसामग्रीचा सामूहिक विनियोग' असा शब्दप्रयोग होता. तो वाचून कमिटी इतकी दबली की बिल्डरने सिमेंट ठेवायला बांधलेली आणि नंतर टाकून दिलेली मागची शेड तिने वर्षभरासाठी काकांना देऊन टाकली. अट एकच, आणि ती प्रधानांनी घातली: वर्षाअखेरीच्या सर्वसाधारण सभेपुढे, शेडमध्ये काय तयार झालं, ते ठेवायचं. समाधान झालं नाही तर तिथे स्कूटर लागतील. प्रधानांनी स्कूटर नुकतीच घेतली होती.

शेड बारा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब होती. पहिल्याच आठवड्यात काकांनी तिच्या मधोमध, किंबहुना मधोमध नव्हेच, एक पत्र्याची भिंत घातली. भिंतीच्या पलीकडे सोळा फूट, अलीकडे आठ. पलीकडच्या सोळा फुटांत अवजारं राहणार होती. अलीकडच्या आठ फुटांत माणसं काम करणार होती.

मी म्हटलं, "काका, हे उलटं झालं."

"उलटं कसं? टूल हलत नाही, माणूस हलतो. माणूस बाहेरपण उभा राहू शकतो. टूल भिजलं तर गंजतं."

या युक्तिवादात चूक कुठे आहे, हे मी बरेच दिवस शोधत होते. भिंतीला एक दार होतं, त्याला कुलूप. आणि एक खिडकी होती. खिडकीची जागा तर आणखी विलक्षण होती. ती कोपराच्या उंचीवर होती आणि जेमतेम फूटभर उंच. तिच्या वर थेट छपरापर्यंत पत्रा. आत कोण बसलं आहे हे पाहायचं तर बाहेरच्याला कमरेत वाकावं लागे. सुताराने माप चुकवलं, अशी माझी खात्री होती. ठोंबरे सर उंच असल्यामुळे त्यांना ती खिडकी आणखी खाली पडे. ते म्हणत, "काका, यातून बोलायचं म्हणजे साष्टांग घालायला लागतं."

"बोलायचं कशाला? हात घाला."

आत गेल्यावर मात्र, म्हणजे काकांनी एकदा उद्‌घाटनापुरतं आम्हाला आत नेलं तेव्हा, टीका करायला जीभ वळेना. वर्षानुवर्षं दर रविवारी कॅम्प तीनच्या भंगार गल्लीतून त्यांनी एकेक अवजार निवडून आणलं होतं. कानशी, पाने, हातोड्या, गुण्ये, छिन्न्या. सगळ्यांना तेल लावलेलं, सगळ्यांवर नंबर ठोकलेला. भिंतीवरच्या काळ्या फळ्यांवर प्रत्येक अवजाराची पांढऱ्या रंगात आकृती काढलेली होती, आणि त्या आकृतीवर ते अवजार टांगलेलं. अवजार उचललं की मागे त्याची पांढरी सावली उरे. काय गेलं आहे ते लांबूनही कळावं म्हणून ही योजना. ठोंबरे सरांनी त्या रेषा पाहून, "हात चांगला आहे तुमचा," असं म्हटलं. काकांनी आपला हात पटकन खिशात घातला.

सभासद आम्ही तिघेच झालो. प्रत्येकाला पितळेचं एकेक टोकन मिळालं. मला एक नंबरचं, परसूभाईंना दोन, सरांना तीन. "आला तो नंबर. त्यात वशिला नाही." अवजार हवं तर खिडकीत टोकन द्यायचं, काका ते टोकन त्या अवजाराच्या हुकावर अडकवणार, अवजार परत केलं की टोकन परत. कारखान्यातला रिवाज. सभासद तीन आणि अवजारं अडीचशेच्या वर असताना हा रिवाज कशासाठी, असं विचारण्यात अर्थ नव्हता. काकांचं वाक्य ठरलेलं होतं: "टोकन नाही, टूल नाही."

आणि टोकन असलं तरी टूल मिळेच असं नाही. आधी ठोकळा. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा घ्यायचा आणि नुसत्या कानशीने घासून त्याचा एक इंची चौकोनी ठोकळा करायचा. सहाही बाजू सपाट, सगळे कोन काटकोन. खिडकीच्या आतल्या बाजूला काचेच्या पेटीत नमुन्याचा एक ठोकळा ठेवला होता. मी तो एकदा व्हर्निअरने मोजला. सहाही बाजूंना माझ्या उपकरणाला चूक सापडली नाही. तसा ठोकळा जमला की ड्रिल, करवत, रंधा, जे हवं ते. तोपर्यंत फक्त कानस, फार तर स्क्रू ड्रायव्हरसारखं किरकोळ काही.

माझी तीन भोकं वर्षभर त्या ठोकळ्यामागे रांगेत उभी होती.

आम्ही ठोकळा खिडकीत ठेवायचो. आतून काटकोन तपासायचा गुण्या येई, ठोकळ्याला भिडे, आणि दोन्ही उजेडासमोर धरले जात. फटीतून उजेडाची रेघ दिसली की निकाल. "डावीकडे ढिगारा आहे. परत." "कोपरा झोपलाय. परत." "हा ठोकळा नाही, हा बटाटा आहे." शेवटचा शेरा सरांना. सर विद्यार्थ्यांसाठी लाकडी कळसूत्री बाहुल्या करायला आले होते. लोखंडाचा लाकडाशी काय संबंध, असं त्यांनी एकदा नम्रपणे विचारलं. काका म्हणाले, "लाकूड माफ करतं. म्हणून आधी लोखंड."

परसूभाईंना जीन्सच्या शिवणीसाठी कापड दुमडून देणारी पत्र्याची एक जोडणी करायची होती. ते व्यापारी माणूस. त्यांचा संयम पहिल्या महिन्यात संपला. एका रविवारी त्यांनी मशीन उघडायला नुसता स्क्रू ड्रायव्हर मागितला. आत टोकन दिव्याखाली धरून वाचण्यात आलं, हुकावर अडकवण्यात आलं, स्क्रू ड्रायव्हर पुसण्यात आला, मग त्याच्या दोन्ही बाजू खिडकीतून दाखवण्यात आल्या. "पाहून घ्या. टोक शाबूत, मूठ घट्ट. नंतर तक्रार चालणार नाही."

"अरे साईं," परसूभाई म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर मांगता हूँ, तुमची मुलगी नाय मागत."

"मुलगी दिली नाशिकला, ती परत येत नाही. टूल परत यायला पाहिजे. परत आलं, की दिलं म्हणायचं."

परत करणं आणखी कठीण होतं. कानशीच्या दातांत लोखंडाचा कीस अडकलेला असेल तर ती खिडकीतूनच माघारी येई, सोबत तारेचा ब्रश. एकही दात भरलेला चालत नसे. मी घड्याळ लावून एक रविवार मोजला: कार्यशाळा दोन तास उघडी होती आणि त्यात प्रत्यक्ष धातूवर काम झालं अकरा मिनिटं. उरलेला वेळ देण्याघेण्यात गेला. मी हा तक्ता काकांना दाखवला आणि भिंत काढून अवजारं मोकळ्या फळीवर लावण्याची सूचना केली. उत्पादकता किमान पाचपट वाढेल, असंही सांगितलं.

त्यांनी तक्ता नीट वाचला. "आकडे बरोबर असतील. पण भिंत काढली तर मी कुठे बसू?"

"आमच्याबरोबर. तुम्ही टूलरूमवाले. आम्हाला शिकवा, स्वतः काहीतरी करा. या सगळ्या टूलांनी तुम्हाला काहीच करावंसं वाटत नाही?"

 आतून तारेचा ब्रश आला. मी त्यावेळी एवढाच निष्कर्ष काढला की हा माणूस सत्तेला चटावलेला आहे. सार्वजनिक कार्याच्या नावाखाली स्वतःसाठी एक खिडकी बांधून घेणारे लोक मी विद्यापीठातही पाहिले होते.

वर्ष संपत आलं. अर्ज लिहिणारी म्हणून चिटणीस मीच ठरले होते, त्यामुळे अहवाल मला लिहायचा होता, आणि तयार वस्तूंच्या यादीत लिहायला माझ्याकडे सत्तावीस ठोकळे होते. त्यांपैकी उत्तीर्ण शून्य. प्रधान एका संध्याकाळी शेडमध्ये डोकावून गेले. त्यांनी एक ठोकळा उचलून फिरवून पाहिला.

"याचं काय करायचं असतं?"

"पेपरवेट," परसूभाई म्हणाले. "एक्सपोर्ट क्वालिटी."

प्रधान हसले नाहीत. त्यांनी पावलांनी शेडची लांबी मोजली. किती स्कूटर मावतील याचा अंदाज ते घेत होते, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नव्हतं. ते गेल्यावर काकांनी खिडकीतून विचारलं, "काय म्हणाला नुसता हात?"

"रविवारी सभा आहे, काका. आपल्याकडे दाखवायला काही नाही. शेड जाणार."

"टूलं?"

"टूलं घरी न्यावी लागतील."

"घरी कोण मागायला येणार?" काका म्हणाले. हे वाक्य मला तेव्हा फक्त अव्यवहारी वाटलं.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सोसायटीचा पंप बिघडला. मोटर फिरत होती, पंप फिरत नव्हता. वरच्या टाकीत पाणी नव्हतं आणि नळाचं पाणी येऊन गेलं होतं. प्लंबरने कल्याणहून भाग आणावा लागेल, सोमवारी बघू, असं सांगून अंग काढून घेतलं. मी जाऊन पाहिलं. मोटरचा दांडा आणि पंपाचा दांडा जोडणाऱ्या कपलिंगच्या खाचेत बोटाएवढा एक लोखंडी तुकडा असतो. तो दांड्याला आणि कपलिंगला एकत्र फिरायला लावतो. कारागीर त्याला चावी म्हणतात. ती चावी कापली गेली होती. बाकी सगळं धड होतं. चावी म्हणजे काय, तर सहा बाजू सपाट आणि सगळे कोन काटकोन असलेला लांबट ठोकळा.

तासाभरात शेडच्या आठ फुटांत निम्मी सोसायटी उभी होती. काही जण काकांच्या सिद्धान्तानुसार बाहेर उभे होते. प्रधान स्वतः खिडकीशी वाकले. सरकारी माणसाला एवढं वाकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सोनावणे, एवढं करून टाका. तुम्ही टूलरूमवाले. तुमच्या डाव्या हातचा मळ."

"टूल काय पाहिजे ते देतो," आतून आवाज आला. "करतील ते तिघं."

"अहो, ती पोरं वर्षभर पेपरवेट करतायत. तुम्ही करा."

"टोकन असेल त्याने मागावं."

लोक चिडले. माझाही ताबा सुटला. मी खिडकीत तोंड घालून म्हटलं, "काका, पुरे झालं आता. उद्या ही शेड जाणार आहे. तो नमुन्याचा ठोकळा करणाऱ्या माणसाला ही चावी म्हणजे तासाभराचं काम आहे. बाहेर या आणि करा."

 आत काचेची पेटी उघडल्याचा आवाज आला आणि नमुन्याचा ठोकळा खिडकीच्या फळीवर येऊन बसला.

"हा मी केलेला नाही."

"मग कोणी केला?"

"एकशे सतराने."

"कोण एकशे सतरा?"

"नाव ऑफिसात असेल. माझ्याकडे टोकन यायचं." काका हळू बोलत होते, मागच्यांना ऐकू जात नव्हतं. "उजवी करंगळी अर्धी होती त्याची. मी टूलरूमला खिडकीवर होतो, पोरी. टूल द्यायचं, टूल घ्यायचं. जुन्या माणसाचा हात मोडला होता म्हणून दोन आठवड्यांसाठी बसवलं मला. एकपण टूल हरवलं नाही, म्हणून उठवलं नाही. तीनदा अर्ज दिला, की कामावर घ्या, कानस चालवायला शिकतो. फोरमन म्हणाला, फिटर शंभर मिळतील, सोनावणे, खिडकीला तुझ्यासारखा कुठून आणू? बत्तीस वर्षं. माणसं गप्पा मारतात म्हणून वर पत्रा ठोकलेला होता. हात तेवढे दिसायचे."

मी खिडकीच्या वरच्या पत्र्याकडे पाहिलं. सुताराने माप चुकवलेलं नव्हतं.

"एकशे सतराचा शेवटचा दिवस होता. सगळी टूलं परत केली, टोकन जमा केलं, आणि हा ठेवला खिडकीत. मी म्हटलं, हा आपल्या बोर्डावरचा नाही. तो म्हणाला, माहितीये, तुमच्यासाठी आहे. मी कुलूप लावून बाहेर येईपर्यंत पाळी सुटली. गेटवर दोनशे माणसं. सगळ्यांच्या हातात डबे, पिशव्या. करंगळी कुठे दिसणार?"

इथे माझं मन एकदम द्रवलं असं लिहिणं सोयीचं ठरलं असतं. प्रत्यक्षात मला आधी वर्षभराचे ठोकळे आठवले आणि संताप आला. ज्या माणसाने जन्मात कानस चालवली नव्हती, तो माझ्या ठोकळ्याचा कोपरा झोपलाय म्हणून सांगत होता. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, की कोपरा खरोखरच झोपलेला असे.

मी टोकन फळीवर ठेवलं. "हॅकसॉ द्या."

हॅकसॉ आली, पुसलेली, दोन्ही बाजू दाखवलेली. परसूभाईंनी तुकडा कापला. सरांनी त्यावर मापाच्या रेघा ओढल्या, आणि वर्षभर बटाटे करणाऱ्या त्या माणसाची रेघ इतकी नेमकी होती की मी पुन्हा मोजायचा विचार सोडून दिला. भरड कानशीने मी सुरुवात केली. दहा-बारा मिनिटांनी मी मागे वळले, तर खिडकीच्या फळीवर पुढची कानस आधीच ठेवलेली होती.

"मी मागितली नाही अजून."

"मागणार होतीस. चावी म्हणजे भरड, मग मधली, मग निळा रंग लावून उंचवटा बघायचा, मग बारीक. शेवटी खडू मागशील, कानशीला चोळायला, म्हणजे चरे पडत नाहीत."

बत्तीस वर्षं त्यांनी काम पाहिलं नव्हतं. त्यांनी कामाची मागणी पाहिली होती: काय मागितलं जातं, त्यानंतर काय, आणि कोणाचा हात काय मागताना थरथरतो. प्रत्येक काम त्यांना मागण्यांच्या क्रमाने पाठ होतं. न केलेल्या कामाचं एवढं ज्ञान असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. विद्यापीठात न केलेलं काम पुष्कळ होतं, ज्ञानाचा भाग तितका नव्हता.

मी घासत होते, खिडकी पुढचं अवजार देत होती. खडूची वेळ आली तेव्हा सरांनी खिशातून खडू काढला. काका म्हणाले, "तो नको, तो टूल नाही," आणि नंबर ठोकलेल्या डबीतून खडू दिला. दुपारी दोनच्या सुमाराला चावी खाचेत बसली. अंगठ्याने दाबल्यावर गेली आणि हलवल्यावर हलली नाही. पंप सुरू झाला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी बादली लावल्याचा आवाज आला आणि शेडमधली गर्दी आपापल्या नळाकडे धावली. आभार मानायला परसूभाई आणि सर उरले, आणि ते माझ्यासारखेच घामाघूम होते.

रविवारच्या सभेत प्रधानांनी कार्यशाळेला मुदतवाढ देण्याचा ठराव स्वतःच मांडला. पाणी नसलेल्या एका शनिवारने जे केलं, ते माझ्या अहवालाने केलं नसतं. भाषणात ते म्हणाले की सोनावणे यांच्या हातात जादू आहे, असे थोर कारागीर आपल्या इमारतीत राहतात हे आपलं भाग्य. काका मागच्या रांगेत बसले होते. ते उभे राहिले.

"चावी मी केली नाही. मी फक्त टूल दिलं."

सभेला हा विनय वाटला. टाळ्या दुप्पट झाल्या. काका टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे पाहत उभे राहिले. मग बसले.

चावी बसली म्हणजे ठोकळा झाला, असा निर्णय त्यांनी पुढच्या रविवारी दिला आणि खिडकीतून हातड्रिल माझ्याकडे सरकवलं. ठोकळ्यांच्या रांगेतून माझ्या पट्टीचा नंबर अखेर लागला होता. त्या दिवशी मी चार भोकं पाडली. तीन पट्टीला. चौथं पितळेच्या एका चकतीला. ती परसूभाईंनी कॅम्प तीनच्या भंगार गल्लीतून आणली होती. सरांनी तिच्यावर आकडा आखला, मी ठोकला. संस्थापकाला मानाचा काहीतरी नंबर द्यावा, असं परसूभाईंचं मत पडलं. पण आला तो नंबर, त्यात वशिला नाही. आम्ही चार ठोकला.

त्याच्या पुढच्या रविवारी काकूंनी काकांना चहाला म्हणून घरी बोलावून घेतलं आणि आतल्या दाराची दुसरी किल्ली पदराआडून माझ्या हातात दिली. मी आत जाऊन त्यांच्या स्टुलावर बसले. चकती खिडकीच्या बाहेरच्या फळीवर ठेवली होती. स्टुलावरून खरोखरच काही दिसत नाही: एक फूट उजेड, बाकी पत्रा.

पावलं आली. दाराची कडी वाजली. ती मी आतून लावली होती.

"कोण आत? सभासदांना आत मनाई आहे."

"टोकन?" मी विचारलं.

खिडकीत एक हात आला, बहुधा मला बाहेर यायची खूण करायला. तो हात मी पहिल्यांदा नीट पाहिला. नखं स्वच्छ कापलेली. बोटांच्या पेरांवर तेलाचा करडा रंग, जो आता धुऊन जाणार नव्हता. तळव्यावर एकही घट्टा नाही. कुठेही चरा नाही, भाजल्याची खूण नाही. हात मागे गेला. बराच वेळ खिडकी रिकामी राहिली. मला वाटलं, काका घरी निघून गेले.

मग हात पुन्हा आला. त्यात चकती होती, आकडा वर केलेली, आणि ती फळीवर ठेवताना दोनदा वाजली.

"भरड कानस," बाहेरून आवाज आला. "बारा इंची. चालेल ती."

मी टोकन दिव्याखाली धरलं. आकडा वाचला. बोर्डावरून कानस काढली, तिच्या हुकावर टोकन अडकवलं. कानस पुसली आणि तिच्या दोन्ही बाजू खिडकीतून दाखवल्या. "पाहून घ्या, काका. दात शाबूत, मूठ घट्ट. नंतर तक्रार चालणार नाही."

"नाही करणार," ते म्हणाले.

थोड्या वेळाने कानशीचा आवाज सुरू झाला. अत्यंत वाईट आवाज होता. कानस तिरकी चालली होती, माघारी येतानाही दाबली जात होती, आणि कुठला कोपरा झोपतो आहे, ते मला न पाहता सांगता आलं असतं. परसूभाई काहीतरी बोलायच्या बेतात असावेत, कारण सरांनी त्यांना "शू" केलेलं मी ऐकलं.

साडेबाराला कानस परत आली. तिच्या दातांत लोखंडाचा कीस गच्च भरलेला होता. नियमाप्रमाणे मी ती माघारी पाठवायला हवी होती, सोबत तारेचा ब्रश. तिच्यामागे फळीवर टेकलेल्या हाताला अंगठ्याच्या मुळाशी एक फोड आला होता.

मी कानस घेतली आणि चार नंबरचं टोकन हुकावरून काढून त्या हातावर ठेवलं.